बगळा उभा तिथे लाकूड

आमचं घर माझ्या भावाच्या डोळ्यांवर चालायचं. हे मी उगाच शोभेला म्हणत नाही. दादा मालवाहू जहाजावर तिसरा मेट, म्हणजे बोट चालवणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी एक, होता आणि मेट लोकांच्या डोळ्यांची ठरावीक वर्षांनी तपासणी होते. तीत जो नापास होतो त्याला कंपनी घरी बसवते, मग तो कितीही हुशार असो. नाना पोस्टातून निवृत्त झालेले, आई घरात, मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. अंधेरीला पूर्वेकडे दोन खोल्या, आणि त्यांत जे काही नवं दिसायचं, पंखा, रेडिओ, आईच्या कानांतल्या कुड्या, ते सगळं दादाच्या दोन डोळ्यांनी आणलेलं. त्याच्या डोळ्यात साधं कुसळ गेलं तरी आई गुलाबपाणी घेऊन धावायची. माझी दाढ ठणकत होती तेव्हा तिने लवंग धर म्हणून सांगितलं आणि पुन्हा मेथी निवडायला बसली.

चाळीत दादाला सगळे चांगलं म्हणायचे. दिसायला राजबिंडा, बोलायला मिठ्ठास, परदेशातून आला की प्रत्येकाच्या पोराला चॉकलेट. घरात पाय टाकला की कसाई. मला त्याने नावाने हाक मारल्याचं आठवत नाही. मी काडीसारखी होते म्हणून तो मला खराटा म्हणायचा. "ए खराट्या, पाणी आण." "ए खराट्या, बूट पुस." आईला त्यात गंमत वाटायची. नाना पेपरातून मान वर करत नसत.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर तो लांब रजेवर आला तो डोक्यात एक खूळ घेऊनच. जर्मनीच्या कुठल्याशा बंदरात त्याने पोरं लांब फळीवर उभी राहून, हातात शीड धरून पाण्यावरून पळताना पाहिली होती. एकाला सिगारेटची पाकिटं देऊन स्वतः शिकूनही घेतलं होतं. आपल्याकडे तसली फळी कुणी बघितलेली नव्हती. दादाने ती करून घेतली. साकीनाक्याच्या एका कारखान्यात थर्माकोलच्या लाद्या चिकटवून त्यांवर फायबर चढवलं, डोलकाठीला बांबू घेतला, आणि शीड आमच्या गल्लीतल्या शिंप्याने टेरिलीनचं शिवलं. एवढं कापड बघून शिंप्याने विचारलं, "साहेब, हे नेसणार कोण?" त्यावर दादाने माझ्याकडे बोट दाखवलं आणि दुकानातले सगळे हसले.

फळी ठेवायला जागा मिळाली पवई तलावाच्या काठच्या गावात, एका म्हाताऱ्याच्या गोठ्यात. तो तिथला जुना ख्रिस्ती शेतकरी. घरात मराठी बोलणार, भाताचे दोन तुकडे पिकवणार, बाकी वेळ चपट्या होडीतून तलावात गळ टाकून बसणार. आम्ही त्याला अंकल म्हणायचो. अंकलला दादाचं खूळ बघून भारी मौज वाटली. तलावाचं नाव काढलं की लोक मगरींना भ्यायचे. अंकल म्हणाला, "मगर काय करत नाय रे. ती शहाणी हाय. तू लाकडाला भी."

त्याचं म्हणणं खरं होतं. पावसाळ्यात डोंगराचे ओहोळ तलावात उतरत, त्यांच्याबरोबर झाडांचे ओंडके येत. मग गणपती. विसर्जन झालं की पाण्यावर केळीचे खुंट, मखरांचे बांबू, मंडळांच्या मोठ्या मूर्तींच्या खालच्या खिळे मारलेल्या फळ्या, तारांनी आवळलेले सांगाडे, असं सगळं आठवडेच्या आठवडे तरंगत राही. त्यातलं वर दिसतं ते वाईट नसतं. पाणी पिऊन जड झालेलं, वीतभर खाली दडलेलं असतं ते वाईट. फळीच्या खाली पाण्यात एक पातं असतं. ते अशा सांगाड्यात अडकलं की फळी जागच्या जागी थांबते आणि वरचा माणूस पुढे फेकला जातो. शिवाय शीड हातात असलं की त्याच्या आडची बाजू दिसतच नाही. म्हणजे माणूस अर्धा आंधळा होऊनच पळत असतो.

हे सगळं बाहेर काढून टाकावं हा सरळ उपाय. पण नानांनी ऐकताच कानांवर हात ठेवले. विसर्जन केलेलं परत ओढून काढायचं नाही, आपण त्याला निरोप दिलाय. दादा सात समुद्र फिरलेला, पण या बाबतीत नानांचाच मुलगा. त्याने अंकलला सांगितलं, तुम्ही काढा, तुम्हाला काय त्याचं. अंकल खवळला. "देव तुमचे, नि काढू मी? उद्या तुमचीच माणसं माझ्या दारात येतील, आमचा देव तोडला म्हणून! मी ढकलत नेतो. त्याच्यापुढं तुमचं तुम्ही बघा."

मग तसंच ठरलं. अंकल होडीतून लांब बांबूने एकेक सांगाडा ढकलत पलीकडे पूर्वेच्या कोपऱ्यात न्यायचा, जिथे पाणवेलींचा दाट पट्टा होता. दुपारनंतरचा खारा वारा पश्चिमेकडून येतो, तोही सगळं तिकडेच रेटायचा. शेवटचा सांगाडा वेलींत सरकला तेव्हा दादाने काठावरून हात जोडले आणि म्हणाला, झालं. आम्ही सगळे ते झालंच असं धरून चाललो. वारा रोज तोच राहणार नाही, आणि आपण पोचवलेलं आपल्याकडे परत येऊ शकतं, हे कुणाच्या मनातच आलं नाही. निरोप दिलेल्या गोष्टी परत येत नाहीत अशी आमची खात्री.

एवढं करूनही राहिलेल्या धोक्यासाठी दादाने मला नेमलं. मी रोज दुपारी बंधाऱ्यावर उंच उभं राहायचं आणि पाण्यावर नजर ठेवायची. त्याने आणलेला एक मोठा पिवळा टॉवेल माझ्या हातात असे. डाव्या हाताने वर धरला तर त्याने डावीकडे वळायचं, उजव्या हाताने तर उजवीकडे. दोन्ही हातांनी डोक्यावर ताणला तर शीड सोडून तिथल्या तिथे खाली बसायचं. पहिल्या दिवशी त्याने मला अर्धा तास भाषण दिलं. बोटीवर जो लुकआउटला, म्हणजे टेहळणीला, असतो त्याने काही सांगितलं नाही म्हणजे समोर काही नाही. मग आपण आपल्या डोळ्यांनासुद्धा विचारायचं नाही, नाहीतर बोट चालवणं अशक्य होईल. "डोळ्यांत तेल घालून बघ," तो म्हणाला. "माझ्या डोळ्याला काही झालं तर तुमची सगळ्यांची वाट लागेल, हे ध्यानात ठेव."

पाणी बघायचं कसं ते मात्र अंकलने शिकवलं. तो म्हणाला, "लाकूड शोधू नको गो, दिसायचं नाय. बगळा शोध. तलावाच्या मधी बगळा उभा दिसला की समज. त्याला काय पाण्यावर चालता येत नाय. बगळा उभा तिथे लाकूड." ते शब्द मी आजही विसरलेले नाही. दोन आठवड्यांत मी एवढी तयार झाले की दादा माझा हात वर झाला की मागेपुढे न बघता वळायचा. एकदा तर भला थोरला ओंडका त्याच्या फळीला चाटून गेला. बाहेर आल्यावर तो ओला हात माझ्या डोक्यावर पुसत म्हणाला, "खराटा कामाचा आहे." एवढ्यावर मी चार दिवस हवेत होते. इतकी मी त्याच्या एका शब्दाला हपापलेली असे आणि त्याचा मला तेव्हाही राग यायचा.

बघून बघून मलाही फळीवर चढावंसं वाटायला लागलं. मी विचारलं तर म्हणाला, पोरींचं काम नाही, जाऊन भाकऱ्या भाज. तेव्हा तो काठावरच्या हॉटेलात चहाला गेला की मी अंकलच्या नजरेखाली फळी ओढून पाण्यात न्यायची. वजन नसल्याचा असा उपयोग मला पहिल्यांदाच झाला. आठ-दहा दिवसांत मी उभी राहून, शीड उचलून, शंभरेक हात जाऊन परत यायला लागले. पाय थरथरायचे, पण वाऱ्याने शीड भरलं की दोन्ही दंडांत जी ओढ बसते तिच्यासारखं सुख मला आधी कशात मिळालं नव्हतं.

एके दिवशी दादाने पकडलं. मला वाटलं मारणार. त्याने मारलं नाही. उलट गोड बोलला, "अगं, सांगायचंस की. उद्या नीट शिकवतो." दुसऱ्या दिवशी तो चार मित्रांना घेऊन आला. मी पंजाबी ड्रेसवर फळीवर चढले, तो काठावरून सूचना देऊ लागला आणि मी गाढवासारखी ऐकत गेले. शीड अजून आत ओढ, अजून, पाय पुढे घे. त्याचं ऐकून मी जिथे उथळ पाण्यात चिखल आणि शेवाळ माजलेलं होतं, नेमकी तिथे तोंडावर पडले. वर आले तेव्हा कपडे अंगाला चिकटलेले, डोक्यावर शेवाळ, आणि काठावर पाचही जण पोट धरून हसत होते. एकाने शिट्टी मारली. त्याला दादाने गप्प केलं नाही. अंकल तेवढा धावत आला आणि त्याने माझ्या अंगावर गोणपाट टाकलं. घरी आल्यावर दादाने तो प्रसंग आईला नक्कल करून दाखवला. आई हसता हसता पदराने डोळे पुसत म्हणाली, "पुरे रे, किती छळशील."

दिवाळी झाल्यावर दादाला बोटीवर परत रुजू व्हायचं होतं, दुसरा मेट म्हणून. त्याआधी लग्न ठरवून टाकायचं असा आईचा बेत. विलेपार्ल्याची एक मुलगी पसंत पडली होती, पदवीधर, घारी, गोरी. बोलणी झाली, फक्त सुपारी फोडायची राहिली होती. मुलीच्या वडिलांनी फळीबद्दल ऐकलं होतं आणि त्यांना ती बघायची हौस आली. ते नोकरदार, त्यांना रविवारीच मोकळं. म्हणून ठरलं की रविवारी सकाळी सगळ्यांनी पवईला जमायचं, दादाने फळी चालवून दाखवायची, आणि मग आमच्याकडे जेवायला यायचं.

रविवारी सकाळी अंकल चर्चला जातो हे आम्हाला माहीत होतं. एरवी दादा पाण्यात उतरण्याआधी तो होडीने एक फेरा मारून यायचा. त्या दिवशी फेरा झाला नाही. आणि आम्ही आजवर दुपारशिवाय कधी आलो नव्हतो. सकाळचा वारा डोंगराकडून, पूर्वेकडून येतो, हे मला बंधाऱ्यावर उभी राहिल्यावर समजलं, कारण रोज पाठीवर बसणारा वारा तोंडावर बसत होता.

पाहुण्यांसाठी काठावर सतरंजी घातली होती. मुलगी, तिचे आईवडील, तिचा थोरला भाऊ, आणि आमचं घर. मुलीने मला जवळ बोलावून आपुलकीने विचारलं, "तुम्हीपण करता का हो हे?" मी काही बोलायच्या आत दादा म्हणाला, "करते तर! सांगतो थांबा." आणि त्याने उभं राहून सगळं दाखवलं. मी कशी पडले, कशी वर आले, कपडे कसे चिकटले होते, मी हातांनी काय झाकायला बघत होते ते. पाहुण्यांसमोर. परक्या पुरुषांसमोर. मुलगी हसली, तिचा भाऊ माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत हसला, आईसुद्धा हसली. नाना सतरंजीचा दोरा ओढत बसले. माझ्या कानांच्या पाळ्या जळत होत्या. मग दादाने टॉवेल माझ्या अंगावर फेकला आणि म्हणाला, "जा, खराट्या, ड्युटीवर."

तो झकास गेला. वाऱ्याच्या तोंडाशी तिरका तिरका होत जवळजवळ तलावाच्या पलीकडे पोचला. तिथून वळला की वारा पाठीशी घेऊन तो सरळ सतरंजीच्या रोखाने येणार होता, भरधाव, मुलीला दाखवायला. तो वळला. आणि मला बगळा दिसला.

तलावाच्या मधोमध, पाण्यावर, एका पायावर उभा. त्याच्या मागे थोड्या अंतरावर दुसरा. वाऱ्याने कोपऱ्यातलं सगळं परत आणलं होतं. दादाचं शीड पुढे फुगलेलं, त्याच्या आडून त्याला काहीच दिसायचं नाही, आणि तो नेमका त्याच रेषेत होता. वेळ भरपूर होती. उजवा हात वर करायचा, एवढंच काम. टॉवेल माझ्या दोन्ही हातांत होता.

मी मनात म्हटलं, पडू दे.

एवढंच होतं मनात. त्याला इजा व्हावी असं नव्हतं, हे मी आता वय उलटल्यावर स्वतःला सोडवायला सांगत नाही. त्याने तोंडावर पडावं, शेवाळ घेऊन वर यावं, आणि त्या घाऱ्या मुलीने त्यालाही हसावं. मला ते बघायचं होतं. त्यापुढचं मी बघितलं नव्हतं. डोळ्यांत तेल घालून बघायची नोकरी माझी, आणि नेमकं तेवढंच मला दिसलं नाही. मी टॉवेल पोटाशी घट्ट धरला. बगळा उडाला. मग फळी थांबली, दादा हवेत पुढे गेला आणि शीड त्याच्यावर पडलं.

सतरंजीवर आधी हशाच झाला. मुलीच्या वडिलांनी टाळी वाजवली. मीही हसले असेन, मला वाटतं मी हसले. मग तो बराच वेळ उठला नाही. नंतर शिडाखालून बाहेर आला तो एका हाताने फळीला लोंबकळत, दुसरा हात तोंडावर. आमच्यात कुणालाच पोहता येत नव्हतं. अंकलची होडी काठाला बांधलेली, ती वल्हवता येणारा माणूस चर्चमध्ये. दादा फळीवर पालथा पडून एका हाताने पाणी मारत आला. त्याला काठाला लागायला अर्धा तास लागला, आणि तो सगळा वेळ आम्ही नुसते ओळीने उभे राहून बघत होतो. आई मोठमोठ्याने देवांची नावं घेत होती. त्याने हात काढला तेव्हा सगळ्यांना दिसलं. फाटलेल्या बांबूची चीप डाव्या डोळ्यात गेली होती.

हॉस्पिटलात डोळा काढावा लागला. उजवा शाबूत राहिला, पण एका डोळ्याने बोट चालवू देत नाहीत. पार्ल्याहून चार ओळींचं पत्र आलं. त्यात पत्रिका पुन्हा पाहिली असता जुळत नाही असं लिहिलं होतं. नाना एका गोदामात कारकुनीला लागले, त्या वयात. मी कॉलेज सोडून अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत रेडिओचे भाग जोडायच्या कामाला गेले. अंकल एकदा घरी येऊन गेला. तो रडला, मी चर्चला नसतो गेलो तर, म्हणाला. मी त्याला चहा दिला आणि त्याच्या मनातलं ते काढून टाकायला एक शब्दही बोलले नाही.

हॉस्पिटलात दादा शुद्धीवर आल्यावर आईने त्याला पहिला प्रश्न विचारला होता, "हिने सांगितलं नाही तुला?" मी पायथ्याशी उभी. पट्टीखालून दादा म्हणाला, "सांगितलं तिने. मी उशिरा वळलो." मला वाटलं, गुंगीत आहे, त्याला आठवत नाही. देवाने माझी सुटका केली असं वाटलं, आणि तसं वाटल्याची शरम आली. त्या दिवसापासून मी त्याची दासी झाले. काचेचा डोळा धुणं, खोबणीत औषध घालणं, कपडे, जेवण, शिव्या. सुंभ जळला तरी त्याचा पीळ गेला नव्हता. भाकरी करपली की ताट माझ्या पायांशी येऊन पडायचं. मी गोळा करून दुसरी भाजायची. मनात म्हणायची, याला माहीतही नाही की यानेच माझं देणं फिटतंय.

चार वर्षांत मला तीन स्थळं आली. तिन्ही दादाने मोडली. पहिल्यांदा पाहुणे बशा हातात घेऊन बसलेले असताना त्याने बोटाने डोळा काढला, समोरच्या वाटीत खळखळून धुतला आणि पुन्हा बसवला. मुलाची आई पदर तोंडाला लावून उठली. दुसऱ्यांना त्याने सांगितलं की आमच्याकडे हे असलं पिढीजात आहे. तिसऱ्या वेळी नुसतं म्हणाला, पोरगी तापट आहे, विचार करा. आई कपाळ बडवून घ्यायची. मला वाटायचं, जळतोय बिचारा, त्याचं लग्न मोडलं म्हणून माझं होऊ देत नाही. आणि मी ते निमूट घेत होते. जी शिक्षा मला कुणीतरी द्यायला हवी होती ती तो नकळत देतोय, असं समजून.

चौथं स्थळ मुलुंडचं. माझ्याच कारखान्यात सुपरवायझर होता, शांत, मागे केस थोडे विरळ. तो मला आवडला होता. या वेळी मात्र मला मोडू द्यायचं नव्हतं. मी ठरवलं, दादाला खरं सांगून टाकायचं आणि मग त्याच्या पाया पडून हे एक लग्न मागून घ्यायचं. दुपारी तो गॅलरीत खाटेवर आडवा होता. मी औषध घालायला बसले आणि म्हटलं, "दादा, त्या दिवशी मी टॉवेल वर केला नव्हता."

तो म्हणाला, "ठाऊक आहे."

मी थेंबाच्या बाटलीला पुन्हा झाकण लावलं.

"वळायच्या आधीच मला बगळा दिसला होता," तो म्हणाला. "मग शीड आड आलं. शिडाच्या कडेने मी तुझ्याकडे बघितलं. तू टॉवेल पोटाशी धरला होतास. म्हटलं, लुकआउट सांगत नाही, म्हणजे तिथे काही नाही. माझ्याच डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही मी."

"मग हॉस्पिटलात खोटं का बोललास?"

तो उठून बसला. दोन्ही डोळे, खरा आणि काचेचा, माझ्यावर रोखले. "खरं सांगितलं असतं तर नानांनी तुला त्याच दिवशी घराबाहेर काढलं असतं. मग हे सगळं कुणी केलं असतं माझं? आई किती वर्षं पुरणार? अगं, तुझ्यासारखी मोलकरीण मला कुठे मिळाली असती?"

मला हुंदका यायला हवा होता. आला तो संताप. चार वर्षं मी त्याच्या नकळत शिक्षा भोगतेय अशा समजुतीत होते, आणि हा शहाणा रोज बसून ती मोजून घेत होता. मी म्हटलं, "मग झाली ना फिटंफाट? सोड आता."

"फिटंफाट?" तो हसला. "तुझी चार वर्षं गेली. माझा समुद्र गेला. जा, कर लग्न. मी नाही मोडणार."

आणि त्याने खरोखरच मोडलं नाही. मुलुंडचे आले तेव्हा तो इस्त्रीचा शर्ट घालून बसला आणि गोड बोलला. लग्न आमच्याच चाळीच्या अंगणात झालं. आमच्यात कानपिळी असते. नवरीच्या भावाने नवऱ्याचा कान पिळायचा, माझ्या बहिणीला नीट सांभाळ म्हणून दम द्यायचा, आणि त्याला नवऱ्याकडून कपडे मिळतात. दादाने कान धरला, वाकला, आणि नवऱ्याच्या कानात काहीतरी कुजबुजला. नवरा मोठ्याने हसला. सगळे हसले.

त्याने काय सांगितलं ते नवऱ्याने मला मुलुंडला गेल्यावर सांगितलं. "तुझा भाऊ भलताच मिश्कील आहे. म्हणाला, ही वेळेवर सांगत नाही, तुम्हीच विचारत जा."

माझा नवरा साधा माणूस. त्याला ती थट्टाच वाटली आणि तिची त्याने घरातली एक गंमत करून टाकली. कामावर निघताना, गावाला जाताना, आजारातून उठल्यावर, तो हसत माझ्याकडे बघतो आणि विचारतो, "काय, सांगायचं काही राहिलं नाही ना?" मी नाही म्हणते. दादा वारला त्या दिवशी नवरा स्मशानातून आला, आंघोळ केली, माझ्याजवळ येऊन बसला, आणि मला जरा बरं वाटावं म्हणून त्याने तेच विचारलं. मी म्हटलं, नाही, काही नाही.